पळणारे सोडून बाकी सगळे

आज पेडर रोडचा चढ चालून आलो, कॅमेरा बॅगेतच, नुसत्या जागा बघत. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन आणि यंदा ठरवलंय की पळणाऱ्यांचे फोटो काढायचेच नाहीत, त्यांना ढीगभर फोटोग्राफर असतात. मला हव्यात गाऊनवर ओढणी टाकून संत्र्याच्या फोडी वाटणाऱ्या काकू, बंद रस्त्यापलीकडे अडकलेला दूधवाला. हाजी अलीकडून परतताना हा चढ लागतो, तोवर फुल मॅरेथॉनवाल्यांचे तीसपेक्षा जास्त किलोमीटर झालेले असतात, बरेच जण चालायलाच लागतात आणि नेमका तेव्हाच बघ्यांना जोर चढतो! ३५ एमएम एकच लेन्स नेणार, झूम असला की मी लांबच उभा राहतो. सीएसएमटीचा स्टार्ट अंधारात, तो सोडला. कोण येतंय सोबत? पहाटेची लोकल पकडायचीय हां.