कानातला पिस्टन, एमआरआय आणि एका स्टिकरसाठी झालेली वणवण – माझा अनुभव

कानाचं, त्यातही स्टेप्सचं ऑपरेशन झालेल्यांनी हे वाचावं म्हणून लिहितेय. ऑपरेशनबद्दल माझी काहीच तक्रार नाही. डाव्या कानाला ओटोस्क्लेरोसिस होता, म्हणजे कानातलं सगळ्यात छोटं हाड, स्टेप्स, त्याच्या भोवती नको ते हाड वाढून ते जाम होतं, हलत नाही आणि मग आवाज आत पोचतच नाही. २०१३ साली पुण्यात ऑपरेशन केलं, जाम झालेल्या हाडाचं काम करायला पिस्टन नावाची छोटी कृत्रिम दांडी बसवली, लोकल भूल देऊन, टेबलवरच डॉक्टरांनी विचारलं "ताई, ऐकू येतंय का?" आणि आलं. चार दिवस गरगरलं, जिभेला थोडे दिवस चव विचित्र लागत होती, तेही गेलं. बास. तेव्हापासून कान ठणठणीत आहे.

मागच्या वर्षी मान धरली, हाताला मुंग्या यायला लागल्या, नाशिकच्या डॉक्टरांनी मानेचा एमआरआय सांगितला. सेंटरवर फॉर्म भरायला देतात त्यात पेसमेकर, क्लिप, रॉड असं सगळं विचारलेलं असतं आणि एक ओळ असते कानातल्या इम्प्लांटची. मी तिथे हो लिहिलं. काउंटरवरच्या मुलीने ते वाचून लगेच कॉक्लियर इम्प्लांट (बहिरेपणासाठी आतल्या कानात बसवतात ते इलेक्ट्रॉनिक यंत्र) आहे का म्हणून विचारलं, कारण त्यात लोहचुंबक असतं आणि त्याची वेगळी खबरदारी लागते. मी सांगितलं की नाही, माझ्या कानात फक्त छोटा पिस्टन आहे. मग टेक्निशियन बाहेर आले आणि म्हणाले, "कशाचा आहे? टेफ्लॉन, टायटॅनियम, स्टील? कार्ड दाखवा." कार्ड मला कोणी दिलंच नव्हतं. डिस्चार्ज कार्डवर एवढंच लिहिलेलं की स्टेपिडोटॉमी (हेच स्टेप्सचं ऑपरेशन) केली, पिस्टन बसवला. कुठल्या कंपनीचा, कशाचा, किती मापाचा, काही नाही. टेक्निशियन म्हणाले रेडिओलॉजिस्ट मॅडम अशा वेळी मशीनमध्ये घेत नाहीत, माहिती आणा.

त्यांचं काही चुकलं नाही हे मी आधीच सांगते. नंतर वाचलं तेव्हा कळलं ही भीती कुठून आलीय. १९८७ साली अमेरिकेत मॅकगी नावाच्या पिस्टनचे काही लॉट परत मागवले होते, कारण ते बनवताना वापरलेलं स्टील चुंबकाला ओढलं जाणाऱ्या जातीचं निघालं. हा पिस्टन आतल्या कानाच्या अगदी तोंडाशी असतो, तो एमआरआयच्या चुंबकाने जागचा हलला तर चक्कर आणि बहिरेपण दोन्ही येऊ शकतं. बाकी आज वापरतात ते बहुतेक पिस्टन टेफ्लॉन (एक प्रकारचं प्लॅस्टिक), टायटॅनियम, प्लॅटिनम किंवा निटिनॉलचे (निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू), ते असे ओढले जात नाहीत. पण माझ्या कानात त्यातला कुठला आहे हे कागदावर नसेल तर मशीनवाल्याने कशाच्या भरवशावर मला आत घ्यायचं? एक्स-रे काढून बघूया असंही मी विचारलं, तर इथले कानाचे डॉक्टर म्हणाले धातू आहे का ते दिसेल, कुठला धातू ते नाही दिसणार.

मग पुण्याला हॉस्पिटलच्या एमआरडीत, म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये. इथून पुढचं लिहिताना अजूनही डोकं तापतं.

तळघरात खिडकी, खिडकीत एक गृहस्थ. मी डिस्चार्ज कार्ड दाखवलं, आयपीडी नंबर दाखवला. त्यांनी न बघताच सांगितलं, "तीन वर्षांनंतर आम्ही फाइल ठेवत नाही." हे मी ऐकून घेतलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पण शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंना २००९ ची फाइल मिळताना मी डोळ्यांनी बघितली, तसं बोलून दाखवलं, तेव्हा म्हणाले गोडाऊनमध्ये असेल, अर्ज द्या. अर्ज दिला. अर्जावर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांची सही हवी. ते डॉक्टर केव्हाच ते हॉस्पिटल सोडून गेलेले. मग मेडिकल सुपरिंटेंडेंटची सही चालेल. ते मीटिंगमध्ये. मान एका बाजूला धरून, हाताला मुंग्या, त्या बाकड्यावर बसून राहिले, जेवायच्या सुट्टीत खिडकी बंद, सुट्टी संपली तरी बंद, आणि शेवटी सही मिळाली तेव्हा गोडाऊनचा माणूस निघून गेलेला. नाशिकला परत.

काही दिवसांनी फोन आला की कागद तयार आहेत. गेले. पैसे भरले, पावती घेतली, लिफाफा उघडला तर आत काय, त्याच डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स! जे मी पहिल्या दिवशी त्यांच्या हातात दिलं होतं तेच! मी म्हटलं मला ऑपरेशन नोट्स हव्यात आणि इम्प्लांटचं स्टिकर, म्हणजे पिस्टनच्या पाकिटातलं माहितीचं लेबल, असलेलं पान हवंय. तर म्हणे "यातच सगळं असतं मॅडम." मी म्हटलं नाही, यात मटेरियल लिहिलेलं नाही. "पेशंटला मटेरियलशी काय करायचंय?"

हे वाक्य मी विसरणार नाही. माझ्या डोक्यात बसवलेली वस्तू, माझ्या बिलात इम्प्लांट चार्जेस म्हणून वेगळी ओळ लावून माझ्याकडून पैसे घेतलेले, आणि ती कशाची आहे हे मी विचारायचं नाही?

कशाची आहे त्याने फार फरक पडतो हो. एमआरआयचं तर सांगितलंच. पण उद्या पिस्टन सरकला, पुन्हा ऑपरेशन करायची वेळ आली, तर पुढच्या डॉक्टरांना जुना कशाचा आणि किती लांबीचा हे कळलेलं बरं असतं. निटिनॉलमध्ये निकेल असतं, काहींना निकेलची ॲलर्जी असते. कानात काय टिकतं हे शोधायला लोकांनी आयुष्यं घातलीत. १९५६ साली मेम्फिसच्या डॉ. जॉन शी यांनी स्टेप्स काढून त्या जागी टेफ्लॉनचं बसवलं, तिथून हे सगळं सुरू झालं. कानाच्या हाडांसाठी मग सच्छिद्र प्लॅस्टिक आलं, ते पडद्याला थेट टेकवलं की काही जणांच्या शरीराने बाहेर ढकललं, म्हणून मध्ये कूर्चेचा तुकडा ठेवायला लागले. हायड्रॉक्सीअपेटाइट आलं, जे आपल्या हाडातलंच खनिज. काचेसारखी बायोअ‍ॅक्टिव्ह सिरॅमिक्स आली. मग हलकं म्हणून टायटॅनियम. एवढा अभ्यास झाल्यावर शेवटी पेशंटच्या कागदावर नुसतं "पिस्टन" लिहायचं, हे मला पटत नाही.

असो. त्या दिवशी मी खिडकीवरून हलले नाही. घरून निघताना भाच्याने एक नियम काढून दिला होता, तोच अर्जात लिहिला. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे की पेशंटने किंवा त्याच्या माणसाने रेकॉर्ड मागितलं तर पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. आणि तीन वर्षं म्हणतात ती कमीत कमी ठेवायची मुदत आहे, त्यानंतर जाळून टाका असं नियम सांगत नाही, फाइल असेल तर ती द्यायला काय हरकत? अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागितली. शिक्का म्हटल्यावर खुर्चीतून पहिल्यांदा उठले ते गृहस्थ.

पण खरं काम झालं वेगळ्याच ठिकाणी. बाहेर पाणी प्यायला गेले तर तिथे एक वयस्कर सिस्टर होत्या, त्यांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या एमआरडीत कशाला मरताय, ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, इम्प्लांट रजिस्टरमध्ये एक स्टिकर आम्ही चिकटवतो. त्यांनी वर फोन केला, तारीख सांगितली. २०१३ चं जाड रजिस्टर, पानं पिवळी पडलेली, माझं नाव, डावा कान, आणि बाजूला पांढरं स्टिकर. टेफ्लॉन पिस्टन, ०.६ बाय ४.५ मिलिमीटर, खाली लॉट नंबर आणि कंपनीचं नाव. धातू नावालाही नाही! मला रडू आलं, खरंच. त्यांनी पानाची झेरॉक्स काढून सुपरिंटेंडेंटकडून शिक्का मारून दिला, सगळं मिळून अर्धा तास.

नाशिकला रेडिओलॉजिस्ट मॅडमनी तो कागद एकदा बघितला, इथल्या कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी बघितली आणि दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. एमआरआय झाला, मानेत मणका दाबला गेलाय, फिजिओथेरपी चालू आहे.

तर ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांनी डिस्चार्जच्या आधीच सांगा की इम्प्लांटचं स्टिकर माझ्या कार्डावर चिकटवा. पाकिटात बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त स्टिकर असतात, नाही म्हणायचं कारणच नाही. घेतल्या घेतल्या मोबाईलमध्ये फोटो काढा आणि घरातल्या अजून कोणाला तरी पाठवून ठेवा.

ज्यांचं होऊन गेलंय त्यांनी एमआरआयची वेळ यायची वाट बघू नका, दुखत नसताना जा. आधी ओटीत विचारा, मग एमआरडीत. जुनं बिल फेकू नका, कधी कधी त्यावर इम्प्लांटचं नाव असतं. फॉर्मवर कानातलं इम्प्लांट लपवून "नाही" अजिबात लिहू नका, मला दोघांनी तसा सल्ला दिला होता, ऐकू नका. आणि माझं टेफ्लॉन निघालं म्हणून तुमचंही तेच असेल असं धरून चालू नका, मशीन किती टेस्लाचं, म्हणजे त्याचं चुंबक किती ताकदीचं आहे आणि तुमचा पिस्टन कुठला हे बघून रेडिओलॉजिस्टच ठरवतील. कॉक्लियर इम्प्लांटवाल्यांचं प्रकरण वेगळं, त्यांनी मॉडेलचं कार्ड कायम पाकिटात ठेवा, कारण काही मॉडेलमध्ये चुंबक काढावं लागतं, काहींत नाही.

हां, एक राहिलंच. दोन्ही कानांचं झालं असेल तर दोन्ही स्टिकर मागा. मध्ये काही वर्षं गेली असतील तर दुसऱ्या कानात वेगळाच पिस्टन बसवलेला असू शकतो.