पिकअप तयार, सीझन तयार, प्लेट मात्र पांढरी

ज्यांची पिकअप 1 एप्रिल 2019 च्या आधीची आहे आणि ज्यांचं पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) होळीच्या आसपास येतं, त्यांच्यासाठी लिहितोय. मिस्तरी, टायर, कूलंट सगळं नंतर. पहिले ती नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावून मोकळे व्हा. हे मला कोणी आधी ठणकावून सांगितलं असतं तर यंदा फाल्गुनात माझं बीपी वाढलं नसतं.

आमचं गाव धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात. गाडी 2017 ची, मोठ्या भावाने घेतलेली, आता मी चालवतो. आमच्याकडे खरा धंदा होळी ते आखाजी (अक्षय्य तृतीया). कलिंगड निघतं, टोमॅटो असतो, उन्हाळ कांदा सुरू होतो, आणि माल सुरतला न्यायचा म्हणजे दहिवेल, कोंडाईबारी, विसरवाडी, नवापूर, मग सोनगड-व्यारा करत पुढे. कोंडाईबारी घाट भरल्या गाडीने उतरायचा असतो आणि रिकाम्या गाडीने चढायचा, म्हणून आमच्या लाईनला इंजिनपेक्षा ब्रेक महत्त्वाचे. बाहेरचे लोक आधी पिकअप किती ओढते ते विचारतात, आम्ही विचारतो थांबते का.

तर दरवर्षी माघ संपत आला की गाडी मिस्तरीकडे टाकायची. यंदा जरा जास्त खर्च काढला होता कारण मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसले होते. रिकामी गाडी पण मागून दबल्यासारखी दिसायची. मिस्तरी म्हणे एक पाटा वाढवून देतो, टेन्शन नको. मी नाही म्हटलं. पाटा वाढवला की गाडी कडक होते, कलिंगड एकवेळ सहन करेल पण टोमॅटोचे कॅरेट उतरवताना खालच्या थराचा रस निघालेला असतो आणि व्यापारी तेवढंच बघून भाव पाडतो. शिवाय पाटा वाढवला म्हणून आरसीवरची वजनाची मर्यादा वाढत नाही, हे आमच्या लाईनच्या निम्म्या पोरांना पटत नाही. मी आहे त्याच पाट्यांना परत कमान देऊन घेतली, एक पाटा तडकलेला होता तो बदलला, बुश आणि शॅकल पिना नव्या, यू बोल्ट नवे. गाडी सरळ उभी राहिली. पैसे गेले पण मजा आली बघायला.

बाकी कामं झटपट उरकली. रेडिएटर आतून धुऊन कूलंट बदललं, होज पाईप एक फुगलेला होता तो बदलला, पुढचे डिस्क पॅड, मागचे लायनर, व्हील बेअरिंगला ग्रीस, क्रॉसला ग्रीस. मागच्या सीझनला हौसेने लावलेला एलईडी बार आणि प्रेशर हॉर्न काढून घरी ठेवला, पासिंगला हे असलं की नसता वाद. रिफ्लेक्टर टेप पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, जुनी फिकी पडली होती म्हणून नवीन. पीयूसी काढली, इन्शुरन्स चालू होता. स्पीड गव्हर्नर कंपनीचाच, 80 ला लॉक.

आता प्लेट.

गाडीला आठ वर्षं झाली की पासिंग दरवर्षी करावं लागतं, त्याआधी दोन वर्षांनी असतं. म्हणजे माझं आता दरवर्षीचं झालं. आणि जुन्या गाडीला ती हाय सिक्युरिटी प्लेट नसेल तर काम पुढे सरकत नाही. सरकारने पहिली मुदत 31 मार्च 2025 दिली, मग ती पुढे पुढे सरकत गेली, आणि सगळ्या गावाने ठरवून टाकलं की अजून वाढणार. मी त्यातला नव्हतो, मी बुकिंग वेळेवर केलं होतं, हे मुद्दाम सांगतो कारण नंतर प्रत्येकाने मलाच विचारलं की उशीर का केला.

बुकिंग सोपं आहे. गाडी नंबर, चासिस आणि इंजिनचे शेवटचे पाच आकडे, मोबाईल, ओटीपी, सेंटर निवडायचं, तारीख निवडायची, पैसे भरायचे. चारचाकीला 745 रुपये अधिक जीएसटी, बसवायचे वेगळे पैसे नाहीत. मागितले तर पावती मागा, लगेच बंद होतात. अजून एक, लिंक परिवहन खात्याच्या साईटवरूनच उघडा, गुगलवर पहिली दिसते ती उघडू नका, नकली साईटवर पैसे गेलेले लोक आहेत.

दिलेल्या तारखेला गेलो. सेंटर म्हणजे एक शटर, पुढे प्लास्टिकची खुर्ची, आत खोक्यांमध्ये प्लेटा. पोरगा म्हणे, "भाऊ, तुमनी प्लेट आजून उनी नही." मेसेज आलाय ना, तारीख दिलीये ना? तर म्हणे मेसेज आपोआप जातो. म्हणजे माणूस गाडी घेऊन भाडं सोडून येतो आणि मेसेज आपोआप जातो. मग परत तारीख घ्या. दुसऱ्या वेळी पण हेच. मग मी फोन करून जायचं ठरवलं, तर सेंटरचा फोन उचलत नाही, आणि कस्टमर केअरचा उचलतात पण ते सेंटरला विचारा म्हणतात.

शेवटी प्लेट आली. मी खुश, मिस्तरीला सांगून ठेवलं की आता पासिंगची अपॉइंटमेंट घेतो. पोराने खोक्यातून काढली आणि मी बघतच राहिलो. पांढरी. माझी गाडी मालवाहू, ट्रान्सपोर्टची, तिला पिवळी प्लेट काळ्या अक्षरांची. पांढरी खाजगी गाडीला. नंबर माझाच, चक्र, IND, लेझर नंबर (प्लेटवर कोरलेला त्या प्लेटचा स्वतःचा नंबर) सगळं बरोबर, रंग तेवढा घरच्या कारचा. मी पावती दाखवली, पावतीवर कमर्शियल स्पष्ट लिहिलेलं. पोराने पावती बघितली, प्लेट बघितली, आणि रिव्हेट मशीन उचलत म्हणतो, "लाई ल्या भाऊ, कोन देखस!"

कोण बघतं? नवापूरच्या पुढे गुजरातचा पहिला पोलीसवाला बघेल ना बाबा. आणि पासिंगला जो माणूस गाडीभोवती फिरतो तो काय डोळे मिटून फिरतो?

इथे एक गोष्ट नीट ऐका. हे लोक नवी प्लेट लावायच्या आधी जुनी काढतात आणि मोडून टाकतात. आणि नवी ज्या लॉकने बसवतात ते लॉक एकदा बसलं की परत उघडून वापरता येत नाही. म्हणजे पांढरी एकदा लागली असती तर ती काढायची म्हणजे तोडायचीच. म्हणून नवी हातात घेऊन रंग, नंबर, पुढची-मागची दोन्ही तपासल्याशिवाय जुनीला हात लावू देऊ नका. मी त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर अक्षरशः धरून ठेवला.

मग तक्रार. साईटवर तक्रारीचा फॉर्म आहे, त्यात कारणांची यादी, त्यात 'रंग चुकला' असं कारणच नाही. 'इतर' निवडलं. तिकीट नंबर आला. काही दिवसांनी मेसेज, तुमची तक्रार सोडवली आहे. कोणी सोडवली, कुठे सोडवली, प्लेट तर त्याच खोक्यात पांढरीच पडलेली. परत तिकीट, परत सोडवली. कस्टमर केअरची मॅडम गोड बोलायची, सर आम्ही पुढे पाठवलंय. पुढे म्हणजे कुठे ते तिला पण माहीत नसावं. इकडे होळी झाली, धुळवड झाली, शेजारच्यांची पहिली कलिंगडाची गाडी सुरतला जाऊन पैसे घेऊन आली, आणि आमची नव्या पाट्यांची, चकाचक टेप लावलेली पिकअप अंगणात. पासिंगची तारीख निघून गेली. बिना पासिंगची गाडी रोडवर काढायची नाही, आणि अशात काही झालं तर इन्शुरन्सवाला हात वर करतो, त्यामुळे लोक म्हणत होते रात्री रात्री जाऊन ये, मी नाही गेलो. दुसऱ्याची गाडी भाड्याने लावून माल पाठवला. त्याने भाडं पण सीझनचंच घेतलं, ओळखपाळख बाजूला.

आमचे नाना (काका) जुने माणूस, त्यांनी सोपा उपाय सांगितला. म्हणे फोन-बिन सोड, कागद लिही. मग साध्या कागदावर अर्ज लिहिला. गाडी नंबर, बुकिंगचा नंबर, पावतीची झेरॉक्स, आरसीची झेरॉक्स, आणि पांढऱ्या प्लेटचा रंगीत फोटो प्रिंट काढून. एक कॉपी सेंटरवर, एक परिवहनच्या ऑफिसात आवक विभागात, आणि दोन्हीकडून पोच घेतली, शिक्का आणि तारखेसह. सेंटरवाला पोच द्यायला तयार नव्हता, मी म्हटलं नको देऊ, मग ह्या शटरसमोर उभा राहून व्हिडिओ करतो. दिली. त्याच पोचीचे फोटो प्लेटवाल्या कंपनीच्या ईमेलवर पाठवले. आणि काय चमत्कार, ज्या कंपनीला इतके दिवस सर्वर, स्टॉक, सिस्टीम होती तिचा स्वतःहून फोन आला, सर तुमची पिवळी प्लेट निघालीये. खरं सांगू का, त्या दिवशी मी पासिंग झाल्यापेक्षा जास्त खुश होतो.

पिवळी लागली. वाटलं झालं. नाही झालं. प्लेटवरचा लेझर नंबर ऑनलाईन गाडीच्या रेकॉर्डला चढवावा लागतो, तो त्या पोराने चढवलाच नव्हता. पासिंगच्या वेळी कळलं असतं तर परत फेरी. मी आधीच मोबाईलवर बघितलं म्हणून वाचलो. पुढच्या आणि मागच्या प्लेटचा लेझर नंबर वेगवेगळा असतो, दोन्हीचे फोटो काढून ठेवा, आणि तो डेटा चढवेपर्यंत खुर्चीवर बसून राहा. मी बसलो. त्याने दोनदा चहा मागवला, मला एकदा पण विचारलं नाही.

पासिंग एकदम गुपचूप झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

टायरचं राहिलं. मागचे दोन नवे टाकले. दुकानात साईडवरचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. 1023 लिहिलेलं असेल तर तो 2023 च्या दहाव्या आठवड्यातला माल आहे, चमकवून नवा म्हणून देतात. उन्हाळ्यात आपल्याकडचा डांबर रोड दुपारी किती तापतो ते सांगायला नको, जुना रबर तिथेच सोडतो. हवा सकाळी थंड टायरला भरायची, ढाब्यावर थांबून गरम टायरची हवा कमी करायची नाही. आणि यू बोल्ट नवे टाकले असतील तर पहिली भरलेली फेरी मारून आल्यावर परत एकदा आवळून घ्या, सैल होतातच. माझे झाले होते.

ताडपत्री पण बघून घ्या, आमच्या ताडपत्रीला उंदरांनी भोकं पाडली होती, चैत्रात अवकाळी आला की कांदा जातो.

आणि हो, ती काचेवर लावायची तिसरी प्लेट म्हणजे स्टिकर, डिझेलला नारंगी असतं, ते मागून घ्या, स्वतःहून देत नाहीत. ते काढायला गेलं की फाटतं, म्हणून जागा आधी पक्की करा. आमच्या काचेवर सप्तशृंगी, एकवीरा, खंडेराव आणि भावाच्या पोराचं नाव असं सगळं आधीच होतं, त्याला कोपरा शोधेपर्यंत भाऊ-वहिनीचं भांडण झालं, शेवटी पोराचं नाव काढलं.