आयनोडच्या यादीवरील सॉफ्ट लॉकअप : दुरुस्तीची नोंद

मागील नोंदीतील सॉफ्ट लॉकअपचे (लिनक्स कर्नलमधील एखादे काम प्रोसेसर बराच वेळ न सोडण्याच्या दोषाचे) मूळ आता सापडले आहे. माझ्या प्रायोगिक फाइल सिस्टीमचे मॉड्यूल सुपरब्लॉकवरील (माउंट केलेल्या फाइल सिस्टीमच्या मुख्य नोंदीवरील) सर्व आयनोडांच्या (फाइलींच्या मेमरीतील नोंदींच्या) यादीतून फिरते आणि ज्यांची पाने कॅशमध्ये आहेत तेवढ्यांवरच काम करते. बाकीचे ते नुसते ओलांडून पुढे जाते. लाखो रिकाम्या फाइलींचे आयनोड मेमरीत साचले की हे ओलांडणेच सगळा वेळ खाते, आणि यादीचा स्पिनलॉक (मिळेपर्यंत न झोपता घिरट्या घालायला लावणारा लॉक) तोवर धरलेला असल्यामुळे त्या प्रोसेसरवर दुसऱ्या कोणत्याही टास्कची पाळी येत नाही.

अशा अडकण्यावर नजर ठेवणाऱ्या कर्नलमधील वॉचडॉगची मर्यादा मुळात १० सेकंदांची असते आणि सॉफ्ट लॉकअपची तक्रार तिच्या दुपटीने, म्हणजे २० सेकंदांनी होते. व्हर्च्युअल मशीनमध्ये मी ही मर्यादा ठरवणारे वॉचडॉग_थ्रेश १ वर आणले. (यजमान मशीनवर भार असेल तर इतक्या कमी मर्यादेला खोट्या तक्रारीही येतात.) लागोपाठच्या स्टॅक ट्रेसमध्ये (चालू फंक्शनांच्या नोंदींमध्ये) इन्स्ट्रक्शन पॉइंटर, म्हणजे चालू सूचनेचा पत्ता, त्याच लूपमध्ये, पण निरनिराळ्या ठिकाणी दिसला, म्हणजे काम पुढे सरकत होते. तो स्पिनलॉकच्या स्लोपाथमध्येच (लॉकची वाट पाहणाऱ्या कोडमध्येच) दिसत राहिला असता तर लॉक कोणी अडवून ठेवला आहे, हे आधी शोधावे लागले असते.

लूपमध्ये नुसती कॉन्ड_रीशेडची (गरज असल्यास प्रोसेसर दुसऱ्या टास्कला देणारी) ओळ घालून भागत नाही, कारण स्पिनलॉक धरून प्रोसेसर सोडता येत नाही. वॉचडॉगला मध्येच हाताने स्पर्श करून (त्याची वेळमोजणी नव्याने सुरू करून) गप्प बसवणे ही तर माझ्या मते निव्वळ लपवाछपवी आहे. लॉक सोडायलाच हवा, पण यादीतील आपली जागा न गमावता. त्यासाठी रिकामा आयनोड आता नीड_रीशेड (दुसरा टास्क प्रोसेसरची वाट पाहतो आहे का, ही तपासणी) नकारार्थी असेल तरच ओलांडला जातो. एरवी त्याचा संदर्भ (तो वापरात असल्याची मोजणी) वाढवून लॉक सोडला जातो, कॉन्ड_रीशेड होते, आणि पुन्हा लॉक घेतल्यावर तोच आयनोड यादीत टिकून असल्यामुळे पुढचा दुवा भरवशाचा राहतो. आधीच्या आयनोडचा आयपुट (घेतलेला संदर्भ परत करणे) लॉकबाहेरच करावा लागतो, कारण तो शेवटचा संदर्भ असल्यास आयनोड काढून टाकण्याचे काम तिथेच सुरू होते आणि त्यात झोपण्याची वेळ येऊ शकते. लूप संपल्यावर हाती उरलेल्या शेवटच्या आयनोडचाही आयपुट हवा, नाहीतर अनमाउंटच्या वेळी आयनोड व्यस्त असल्याची तक्रार येते.

लिनक्सच्या मुख्य कर्नलमधील ड्रॉप_पेजकॅश_एसबी या, कॅशमधील पाने काढून टाकणाऱ्या फंक्शनातील असाच दोष २०१९ मध्ये याच रीतीने दुरुस्त झाला होता. कर्नल ६.१३ पासून आलेल्या लेझी प्रीएम्प्शनमुळे (चालू टास्क गरजेनुसार, पण थोडे उशिराने थांबवण्याच्या रीतीमुळे) कॉन्ड_रीशेडची गरज कमी होईल, पण स्पिनलॉक धरलेला असताना प्रीएम्प्शन बंदच राहते, त्यामुळे लॉक सोडण्याचा हा खटाटोप तिथेही चुकणार नाही.

आता अनमाउंटच्या वाटेवरील लूप उरला आहे. तिथे संदर्भ धरून बसण्याची गरज नाही: काढायला घेतलेले आयनोड निकाली लागताच यादीतून जातात, त्यामुळे लॉक सोडल्यावर पुन्हा यादीच्या सुरुवातीपासून निघता येते.