रूळ खंय गेले?

बाबा इथे येऊन आता सात आठवडे झाले. पहिल्या पंधरा दिवसांत ऑस्ट्रेलियातल्या या न्यूकॅसलमध्ये दाखवण्यासारखं जे काही आहे ते सगळं दाखवून झालं. नॉबीजचं दीपगृह पाहिलं, खडकात बांधलेले समुद्राच्या पाण्याचे तलाव पाहिले, बंदरात शिरणारी अजस्र कोळशाची जहाजं पाहिली. प्रत्येक गोष्टीला बाबांनी "बरा आसा" म्हणून मान डोलावली. सोळाव्या दिवशी चहा संपवून त्यांनी बूट चढवले आणि म्हणाले, "चल, आता स्टेशनावर."

ज्यांच्या घरात कोकण रेल्वेच्या काठचा निवृत्त माणूस आहे त्यांना जास्त सांगायला नको. मळगावला संध्याकाळी सावंतवाडी रोड स्टेशनच्या बाकावर बसून मांडवी किती लेट आहे याची चर्चा करणं हा बाबांचा गेल्या अठरा वर्षांचा नेम आहे. कुठे जायचं नसतं, कुणी येणार नसतं. गाडी येते, जाते, आणि मंडळी उठतात.

मी त्यांना शहरातल्या जुन्या स्टेशनवर नेलं. चूक माझीच. इमारत देखणी आहे, 1878 सालची, विटांची. समोर बंदर, आणि पाच मिनिटं चाललं की वाळू. म्हटलं, बाबा खूश होतील. बाबा फलाटावर चढले, दोन्ही बाजूंना पाहिलं, कडेला जाऊन खाली वाकून पाहिलं, आणि माझ्याकडे वळले.

"रूळ खंय गेले?"

"काढले, बाबा."

"कोणी?"

"सरकारनं."

"आणि लोक गप रवले?"

"नाय. कोर्टात गेले."

इतकी वर्षं मी त्या फलाटावर कॉफी घेऊन बसत आलोय. रुळांची खाच भरून सपाट केलेली आहे, पोरं खेळतात, कधी बाजार भरतो. आपण एका मेलेल्या स्टेशनात बसलोय हे त्या दिवसापर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बाबांचा चेहरा मात्र असा झाला होता, जणू कुणी देवळातली मूर्ती काढून तिथे उसाच्या रसाचं गुऱ्हाळ टाकलंय.

शेजारच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. आमची भाषा त्याला कळणं शक्य नव्हतं, पण रूळ शोधणारा माणूस त्यानं बरोबर ओळखला. तो याच स्टेशनच्या यार्डात शंटिंगला, म्हणजे डबे जोडण्या-सोडण्याच्या कामावर होता. बाबांनी हात पुढे केला आणि पुढचा दीड तास माझं काम फक्त दुभाष्याचं. तेही फारसं लागलं नाही, कारण रेल्वेवाल्यांचे अर्धे शब्द आपल्याकडेही तेच.

सुरुवातीलाच बाबांनी आपला हुकमी पत्ता टाकला. "आमची रेल्वे 1853 ची. बोरीबंदर ते ठाणे. तुमची?" म्हातारा म्हणाला, सिडनीची 1855 ची, आमची ही 1857 ची. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बोर्डात पहिला आलो. मग म्हातारा सावकाश म्हणाला, "पण कोळशाची धराल तर 1831." इथल्या टेकडीवरच्या खाणीतून धक्क्यापर्यंत ऑस्ट्रेलियन ॲग्रिकल्चरल कंपनीनं उतारावर लोखंडी पट्ट्या टाकल्या होत्या. भरलेले डबे उतरताना रिकामे वर खेचत. ऑस्ट्रेलियातली पहिली रेल्वे तीच मानतात. रात्री घरी आल्यावर बाबांनी मला मोबाइलवर शोधायला लावलं. मद्रासजवळच्या रेडहिल्सची दगड वाहणारी रेल्वे निघाली, पण ती 1837 ची. सहा वर्षं कमी पडली. बाबांनी पाच मिनिटं विचार केला आणि निकाल दिला: इंजिन नाही, प्रवासी नाही, घसरगुंडीला रेल्वे म्हणत नाहीत. विषय बंद.

या गावाची गंमत अशी की कोळसा आधी आणि गाव नंतर. 1799 मध्ये इथला कोळसा जहाजानं बंगालला गेला होता, म्हणजे या देशाच्या कोळशाचं पहिलं गिऱ्हाईक आपण. (हे मी ऑफिसात किमान चार वेळा ऐकवलंय. कुणाला फारसा फरक पडला नाही.) 1857 मध्ये ईस्ट मेटलंडहून गाडी सुरू झाली ती हनीसकल पॉइंटपर्यंत आणि पुढच्याच वर्षी थेट बंदराच्या कडेपर्यंत आली. सिडनीशी मात्र या रुळांचा तीस वर्षं काडीचा संबंध नव्हता. मध्ये हॉक्सबरी नदीची रुंद खाडी. उत्तरेचं हे रेल्वेचं राज्य स्वतंत्र, त्याला लागणारं सगळं बोटीनं यायचं. 1887 मध्ये दोन्हीकडून रूळ खाडीपर्यंत पोचले, तेव्हा प्रवाशांना वाफेच्या बोटीत घालून पलीकडे नेत. शेवटी 1889 मध्ये पूल झाला. त्याच्या सगळ्यात खोल खांबाचा पाया पाण्याखाली जवळपास 49 मीटर, त्या काळात जगात सर्वांत खोल. ते ऐकल्यावर मला राहवलं नाही. रत्नागिरीजवळचा आमचा पानवलचा पूल 64 मीटर उंच आहे, असं मी मध्येच घातलं. यांनी खाली नेलं, आम्ही वर नेलं. हॉक्सबरीचा तो पूल काही वर्षांनी खांबांना तडे गेल्यामुळे बदलावा लागला, 1946 मध्ये शेजारी नवा आला, हे म्हाताऱ्यानं स्वतःच सांगून टाकलं. इथल्या लोकांची ही सवय मला अजून जमलेली नाही.

पण खरा रंग चढला तो यार्डावर. स्टेशन आणि पाणी यांच्यामध्ये आज जे हिरवंगार फोरशोर पार्क आहे, ते सगळं यार्ड होतं. रुळांचं जाळं, गुड्स शेड, डब्यांची शेड, रेल्वेचं स्वतःचं वीजघर, पगार वाटणाऱ्या कारकुनाची कचेरी. त्याच्याही आधी तिथे कैद्यांकडून लाकूड कापून घ्यायची वखार होती, तिचे पाये स्टेशनच्या शेजारी अजून जपून ठेवलेत. थोडं मागे हनीसकलला इंजिनदुरुस्तीचा कारखाना होता. हनीसकल म्हणजे बँक्सियाची झाडं, गोरे लोक त्यांना तसं म्हणत. 1928 मध्ये काम इथल्याच कार्डिफच्या नव्या कारखान्यात हललं आणि आज त्या जुन्या विटांच्या शेडांमध्ये शहराचं म्युझियम आहे. इंजिनांचा मुक्काम ब्रॉडमेडोच्या लोको शेडला. तिथे दोन टर्नटेबल (इंजिन फिरवायच्या चकत्या), एकेका टर्नटेबलभोवती इंजिनं गोलात उभी, पिठलं-भाकरीच्या पंगतीसारखी. (ही उपमा बाबांची, भाषांतर करताना माझी त्रेधा उडाली.) 1973 पर्यंत सरकारी रेल्वेची वाफेची इंजिनं चालली. खाजगी कोळसा लाइनवर तर 1987 पर्यंत धूर निघत होता.

म्हातारा सांगत होता, उन्हाळ्यात रविवारी आतल्या गावांतून गाड्या भरून यायच्या, पोरं खांद्यावर टॉवेल टाकून उतरायची ती थेट वाळूत. संध्याकाळच्या गाडीत डब्याच्या जमिनीवर एवढी वाळू, की झाडूवाला शिव्या घालायचा. बाबा हसत होते. आमच्या कोकण रेल्वेत समुद्रापासून स्टेशन दहा-वीस किलोमीटर आत आणि पुढे रिक्षावाला सांगेल ते भाडं.

मग बाबांनी विचारलं, बंद का केली?

उत्तर असं, की रूळ शहर आणि बंदर यांच्यामध्ये आडवे होते. हंटर स्ट्रीटवरची दुकानं ओस पडत चालली होती, पलीकडे पाणी, पण जायला वाटा मोजक्या. रूळ काढले तर शहर पाण्याला लागेल, असं राज्य सरकारचं म्हणणं. लाइन वाचवायला ‘सेव्ह अवर रेल’ ही लोकांची संघटना उभी राहिली. आणि इथे तो नियम आला, जो ऐकून बाबांनी मला दोनदा विचारलं, नीट समजलंस ना? या राज्यात रेल्वेमार्ग बंद करायचा, त्याचे रूळ उखडायचे, तर आधी विधिमंडळात कायदा मंजूर व्हावा लागतो. मंत्र्याची सही पुरत नाही. संघटनेनं तेवढ्याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालय गाठलं (इथे राज्याच्या कोर्टालाच सर्वोच्च म्हणतात) आणि 2014 च्या ख्रिसमसच्या तोंडावर निकाल लोकांच्या बाजूनं लागला. जेमतेम अडीच किलोमीटर रूळ! आपल्याकडे अडीच किलोमीटर रस्ता नुसता गायब झाला, तर कुणाला सांगायचं हे ठरवण्यातच पावसाळा जातो.

पण कोर्टानं रूळ उखडायला मनाई केली होती, गाड्या थांबवायला नाही. 25 डिसेंबरची रात्र शेवटची. त्यानंतर गाड्या अलीकडे हॅमिल्टनलाच थांबू लागल्या आणि पुढे बस. विकॅम, सिव्हिक, न्यूकॅसल, तीन स्टेशनं एका रात्रीत गेली. 2015 मध्ये सरकारनं विधिमंडळात तो कायदाही मंजूर करून घेतला. पुढे 2017 मध्ये विकॅमला नवं इंटरचेंज झालं आणि 2019 मध्ये तिथून समुद्रापर्यंत ट्राम, 2.7 किलोमीटर, सहा थांबे. ट्रामच्या डोक्यावर तार नाही, थांब्यावर उभी असताना चार्ज होते. मला ती आवडते. बाबांचं मत: "ही गाडी न्हय. ही रुळावर चढलेली बस."

परत येताना बाबा गप्प होते आणि मी चिडलो होतो. चालती लाइन, समुद्राला लागलेली, आणि या लोकांनी ती हातानं कापली! इकडे ज्या वर्षी लाइन बंद करायचा कायदा झाला, त्याच वर्षी तिकडे सावंतवाडी टर्मिनसचं भूमिपूजन झालं, आणि टर्मिनस अजून अर्धवट आहे. आमच्या गावच्या मंडळींची हयात एकेका गाडीला थांबा मिळावा म्हणून निवेदनं देण्यात गेली. 1998 मध्ये पूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले होते, आणि त्या रुळांखाली आमची सहा कलमं गेली होती. ज्यांना मिळालंय त्यांना किंमत नाही, वगैरे बरंच काही मी जेवताना बोललो. बायको म्हणाली, दर रविवारी पोरीला घेऊन फोरशोर पार्कात कोण जातं? यार्ड असतं तर गेला असतास? मी म्हटलं, तो मुद्दा वेगळा. वेगळा कसा, ते मात्र मला सांगता आलं नाही.

रात्री मुंबईचं काही मिळतं का बघू म्हणून शोधत बसलो, खरं तर यांच्यापेक्षा आपण बरे हे कुठेतरी सापडावं म्हणून. सापडलं कुलाबा. पश्चिम रेल्वेची पूर्वज जी बीबीसीआय, तिचं टर्मिनस चर्चगेटच्या पुढे कुलाब्याला होतं, समुद्राच्या अंगाला. 1930 अखेर ते बंद केलं, बॅकबेच्या भरावाच्या योजनेत जागा हवी होती म्हणून. लांबच्या गाड्या नव्या बॉम्बे सेंट्रलला, लोकल चर्चगेटला. रुळांच्या जागेवर पुढे बधवार पार्क, रेल्वेच्या साहेबांची वसाहत. मी चार वर्षं रोज चर्चगेटला उतरत होतो. गाडी तिथेच का संपते, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. बाबांना सकाळी सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हा इंग्रज होते." बरोबर आहे. मीही रात्री स्वतःला हेच सांगितलं होतं.

आता त्यांची सोय लागली आहे. त्या म्हाताऱ्यानंच सुचवलं: प्रवासी गाड्यांचा नाद सोडा, वॉराब्रूकला जा. स्टेशन साधंच आहे, पण शेजारून कोळशाच्या गाड्यांचे वेगळे रूळ जातात, कूरागँगच्या धक्क्याकडे. कोळशाची निर्यात करणारं जगातलं सगळ्यात मोठं बंदर हे, त्यामुळे गाड्यांना तोटा नाही. रोज साडेचारला मी त्यांना तिथे सोडतो आणि काळोख पडायच्या आत आणतो. दोनदा तो म्हाताराही येऊन बसला होता. माझ्या पोरीची जुनी वही बाबांनी घेतली आहे, त्यात तारीख, वेळ आणि डबे लिहितात. काल एक गाडी ब्याण्णवची होती. नक्की का, म्हणून मी विचारलं. म्हणाले, "एखादो कमी-जास्त. मध्ये शिंक इली."