मामांचा डेस्कटॉप आणि नसलेला डी ड्राइव्ह

साताऱ्याहून मामांचा फोन आला, तेव्हा त्यांच्या आवाजावरूनच काहीतरी बिनसल्याचे माझ्या लक्षात आले. नवा संगणक घरी आणून जोडला होता, पासवर्ड बरोबर स्वीकारला जात होता, खालची टास्कबारही दिसत होती. मात्र वरचा सगळा पडदा काळा होता, त्यावर रिसायकल बिनचा एकच आयकॉन होता आणि मधोमध एक चौकट येऊन सांगत होती की डी ड्राइव्हवरचा डेस्कटॉप उपलब्ध नाही. मामा निवृत्त मराठी शिक्षक आहेत. जावळी खोऱ्यातल्या गावांतून फिरून त्यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या गेली बारा वर्षे ते स्वतः टंकित करत आले आहेत आणि हे सारे काम गावांच्या नावांच्या फोल्डरांमध्ये डेस्कटॉपवरच ठेवलेले असते. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने डेस्कटॉप दिसत नाही याचा अर्थ ओव्या गेल्या, इतका सरळ होता. दुकानातल्या तंत्रज्ञाने फोनवर "फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकावी लागेल" असे सांगितल्यामुळे ते आणखी घाबरले होते. मी त्यांना एवढेच म्हणालो, "मामा, तुम्ही आता कशालाही हात लावू नका, संगणक बंद करून ठेवा, मी उद्या सकाळी येतो."

जुना संगणक २०१३ साली सुटे भाग जोडून घेतलेला होता. विंडोज १० ला मिळणारी सुरक्षेची नियमित अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेच्या चिपची सोय व पुरेसा नवा प्रोसेसर या दोन्ही गोष्टी त्या यंत्रात नव्हत्या, म्हणून नवा संगणक घेणे भाग पडले. दुकानदाराने जुन्यातली माहिती व मामांच्या खात्याच्या मांडण्या एका स्थलांतराच्या प्रोग्रामने नव्या यंत्रात आणून दिल्या. त्या दोन्ही गोष्टी आल्या होत्याच, आणि अडचण नेमकी त्यातूनच उद्भवली होती.

डेस्कटॉप उघडत नाही या एकाच तक्रारीमागे तीन वेगवेगळे बिघाड असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो, म्हणून हात घालण्याआधी आपल्यासमोर कोणता बिघाड आहे हे ठरवणे मी सर्वांत महत्त्वाचे मानतो. पहिला प्रकार म्हणजे डेस्कटॉप, टास्कबार आणि फोल्डर दाखवणारा एक्सप्लोरर हा प्रोग्रामच सुरू झालेला नसतो. तेव्हा टास्कबारही येत नाही, काळ्या पडद्यावर फक्त माउसचा बाण फिरत राहतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, नवे काम चालवण्याच्या चौकटीत एक्सप्लोररचे नाव लिहायचे आणि एंटर दाबायचे. एवढ्याने पडदा भरला, तर दोष विंडोजला सुरुवातीला एक्सप्लोरर चालवण्याची सूचना देणाऱ्या नोंदीत, म्हणजे रेजिस्ट्री या विंडोजच्या मांडण्यांच्या नोंदवहीतल्या विनलॉगॉनमधल्या शेल या नोंदीत, शोधावा. दुसरा प्रकार तात्पुरत्या प्रोफाइलचा आहे. विंडोजला तुमचे खरे प्रोफाइल, म्हणजे तुमच्या खात्याची फोल्डरे व मांडण्या, उघडता आले नाही, तर ती तुम्हाला एका उसन्या, रिकाम्या घरात बसवते. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टंकित करण्याच्या खिडकीत, युजरप्रोफाइल या नावामागचा पत्ता विचारला असता उत्तरात टेम्प हे नाव आले, की समजावे आपण त्या उसन्या घरात आहोत. तिथे जतन केलेले सारे लॉगआउट होताच नाहीसे होते, म्हणून त्या अवस्थेत एक ओळही टंकित करू नये. तिसरा प्रकार असा, की एक्सप्लोररही चालू असतो, प्रोफाइलही खरे असते, फक्त डेस्कटॉप कोणत्या फोल्डरला म्हणायचे याचा पत्ता चुकलेला असतो.

सकाळी पोहोचल्यावर मी आधी टास्क मॅनेजर पाहिला. एक्सप्लोरर चालू होता. युजरप्रोफाइलच्या उत्तरात टेम्प नव्हते. त्यानंतर मी एक नवे स्थानिक खाते तयार करून त्यात लॉगिन केले आणि विंडोज ११ चे ते निळ्या पाकळ्यांचे चित्र आयकॉनांसह लगेच समोर आले. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि तिने पुष्कळ वेळ वाचतो, कारण नव्या खात्याचा डेस्कटॉप नीट येत असेल, तर विंडोजच्या मूळ फाइली बहुधा धडधाकट आहेत आणि बिघाड जुन्या खात्याच्या मांडणीपुरता आहे, असा निष्कर्ष काढता येतो. मग एसएफसी किंवा डिस्म यांसारख्या दुरुस्तीच्या आज्ञा तासभर चालवत बसण्याचे किंवा फॉरमॅट मारण्याचे कारण उरत नाही.

पुन्हा मामांच्या खात्यात आलो आणि त्या चौकटीतला पत्ता सावकाश वाचला, तेव्हा माझी मला खूण पटली. तो पत्ता मीच दिलेला होता. आपल्याकडे संगणक जोडून देणारे लोक एकाच हार्डडिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देत आले आहेत, कारण विंडोज बिघडली की फक्त सी फॉरमॅट करायचा आणि डी वरची माहिती सुरक्षित राहायची. याच विचाराने २०१६ साली मी मामांच्या डेस्कटॉप फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन लोकेशन या टॅबवरून तो फोल्डर डी वर हलवला होता. त्यानंतर दोनदा त्यांची विंडोज नव्याने टाकावी लागली आणि दोन्ही वेळा ओव्या वाचल्या, त्यामुळे तो निर्णय मी आजही चुकीचा मानत नाही. मात्र नव्या यंत्रात ५१२ जीबीची एकच एसएसडी आहे आणि तिच्यावर वापरायला एकटा सी ड्राइव्ह आहे. स्थलांतराच्या प्रोग्रामने खात्याची नोंदवही जशीच्या तशी उचलून आणली, तिच्यात डेस्कटॉपचा पत्ता डी असा होता, आणि या घरात डी नावाची खोलीच नव्हती.

मग डी वरचा माल कुठे गेला? सी ड्राइव्ह उघडल्यावर "ओल्ड डी" नावाचा फोल्डर दिसला आणि त्यात डेस्कटॉप, डेस्कटॉपमध्ये मेढा, केळघर, बामणोली, कुडाळ अशी गावांची फोल्डरे ओळीने उभी होती. मामांना मी लगेच ती दाखवली. त्यांनी बामणोलीचे फोल्डर उघडायला सांगितले, आतल्या फाइलींची नावे एकेक करून वाचली आणि मगच ते खुर्चीत मागे टेकले.

निदान बरोबर आहे की नाही हे काहीही कायमचे न बदलता तपासण्यासाठी सबस्ट ही जुनी आज्ञा फार उपयोगी पडते. डॉसच्या काळापासून ती आहे आणि एखाद्या फोल्डरला ड्राइव्हचे अक्षर देते. मी साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये "ओल्ड डी" या फोल्डरला डी हे अक्षर दिले, टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर पुन्हा सुरू केला आणि पडदा क्षणभर कोरा होऊन सगळी फोल्डरे आपापल्या जागी उमटली. इथे एक बारकावा आहे: ही आज्ञा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीत दिली, तर ते अक्षर आपल्या नेहमीच्या सत्रातल्या एक्सप्लोररला एरवी दिसत नाही, म्हणून ती साध्या खिडकीतच द्यावी. रीस्टार्ट केल्यावर हे अक्षर नाहीसे होते, तेव्हा हा कायमचा इलाज नव्हे, पण आपण योग्य जागी बोट ठेवले आहे याची खात्री यातून होते.

कायमच्या दुरुस्तीसाठी आधी ओव्यांच्या सगळ्या फोल्डरांची प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि मग रेजिस्ट्री एडिटर उघडला. चालू खात्याच्या शाखेत सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर अशा पायऱ्या उतरत गेले, की युजर शेल फोल्डर्स ही नोंद सापडते. तिच्या शेजारीच शेल फोल्डर्स नावाची तिची जुळी बहीण असते आणि त्या जुळीत उद्गारचिन्हाने सुरू होणारी एक ओळ ही नोंद वापरू नका असे स्वतःच बजावत असते. अनेक जण घाईत तिथेच बदल करतात आणि काहीच फरक पडत नाही म्हणून गोंधळतात. बदल करायचा तो युजर शेल फोल्डर्समध्ये, आणि तोही ती नोंद एक्सपोर्ट करून तिची फाइल बाजूला ठेवल्यानंतरच.

तिथे डेस्कटॉपसमोर डी वरचा पत्ता होता. पर्सनल या नावासमोरही डी होता, आणि हे पर्सनल म्हणजे आपले डॉक्युमेंट्स असते, हे माहीत नसेल तर ती ओळ हमखास सुटते. मी दोन्हींमध्ये पूर्ण पत्ता न लिहिता दोन टक्केचिन्हांच्या मध्ये युजरप्रोफाइल आणि पुढे फोल्डरचे नाव असे लिहिले. याला कारण आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने संगणक पहिल्यांदा सुरू केला, की विंडोज वापरकर्त्याच्या फोल्डरला ईमेल पत्त्याची पहिली पाच अक्षरे नाव म्हणून देते. त्यामुळे जुन्या यंत्रावरचे फोल्डरचे नाव आणि नव्यावरचे नाव जुळेलच असे नाही आणि पूर्ण लिहिलेला पत्ता पुन्हा चुकू शकतो. टक्केचिन्हांतला शब्द मात्र विंडोज दर वेळी स्वतः उलगडून घेते, फक्त त्या नोंदीचा प्रकार विस्तारणाऱ्या स्ट्रिंगचा असावा लागतो. जुनी नोंद पुसून साध्या स्ट्रिंगची नवी केली, तर टक्केचिन्हे उलगडली जाण्याचा भरवसा राहत नाही, म्हणून आहे तीच नोंद उघडून तिच्यातला मजकूर बदलावा. ज्यांचा डेस्कटॉप जुन्या यंत्रावर वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत, ठेवलेला होता आणि नव्यावर वनड्राइव्ह अजून जोडलेले नाही, त्यांनाही याच ओळीत वनड्राइव्हचा पत्ता अडकलेला सापडू शकतो.

पत्ते बदलल्यावर "ओल्ड डी" मधली फोल्डरे नव्या डेस्कटॉपवर कॉपी केली आणि रीस्टार्ट केले. काळा पडदा गेला, चौकट आली नाही.

त्यानंतर मोजणी केली. जुनी हार्डडिस्क यूएसबीच्या डबीत घालून जोडली, तेव्हा काही फोल्डरांवर परवानगी नसल्याचा संदेश आला. जुन्या विंडोजने त्या फाइलींच्या मालकाची ओळख एका लांबलचक क्रमांकाने नोंदलेली असते आणि नव्या यंत्राला तो क्रमांक अनोळखी असतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. कंटिन्यू दाबून वाचण्यापुरती परवानगी घेतली. जुन्या आणि नव्या डेस्कटॉपच्या प्रॉपर्टीज शेजारी शेजारी उघडल्या, आणि दोन्हीकडे १,८४६ फाइली दिसल्या तेव्हा मामांनी तो आकडा आपल्या वहीत लिहून घेतला. त्याच पानावर मी त्यांना डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकर या सोयीची ४८ अंकी रिकव्हरी की लिहायला लावली, कारण नव्या यंत्रांत डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते आणि पुढे कधी सेफ मोडमध्ये जाण्याची वेळ आली, तर तो क्रमांक विचारला जाऊ शकतो.

एक काम अजून उरले आहे. सुरुवातीच्या वर्षांतल्या ओव्या युनिकोडपूर्व, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवणाऱ्या, फाँटमध्ये आहेत आणि तो फाँट नव्या यंत्रात आलेला नाही, म्हणून त्या फाइलींमध्ये सध्या रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसते. फाँटची फाइल जुन्या डिस्कवर आहे. पुढच्या रविवारी मी जाणार आहे. तोवर ती डिस्क कापडात गुंडाळून मामांच्या लाकडी कपाटात ठेवली आहे आणि तिच्यावर मामांनी आपल्या सुंदर अक्षरात तारखेसह "पुसू नये" अशी चिठ्ठी चिकटवली आहे.