ड्रोन आज पाठीवरच राहिला

पहाटे पाचनईहून हरिश्चंद्रगड चढलो. ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला, त्यामुळे पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा, डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा नकाशाही पाहिला होता. पण गड अभयारण्यात येतो, म्हणजे वनखात्याची परवानगी हवीच, हे काल रात्री उशिरा लक्षात आलं. मग नाहीच उडवायचा ठरवलं.

कोकणकड्यावर पालथं पडून खाली डोकावलो. गवताची काडी सोडली, तर ती वर उसळून डोक्यावरून मागे गेली! अ‍ॅपवर वारा अगदी मंद दाखवत होता. कड्याला धडकून वर चढणारा वारा त्या अंदाजात कुठून येणार? एवढासा ड्रोन इथे टिकलाच नसता.

परवानगीचा अर्ज उद्याच करतो. थंडीत परत येईन, सकाळी वारा पडलेला असताना.