इंत्रुजाच्या खेळात ऐनवेळी : माझा अनुभव

मी गोव्यातल्या फोंड्याचा, म्हणजे अंत्रुज महालातला. देवळांच्या जत्रांना होणाऱ्या मराठी नाटकांत वीसेक वर्षे कामे केल्यामुळे ऐनवेळी दुसऱ्याची भूमिका करणे मला नवे नव्हते. परंतु कार्निव्हालच्या, म्हणजे कोकणीत इंत्रुजाच्या, खेळात शिरण्याचा प्रसंग एकदाच आला. (अंत्रुज आणि इंत्रुज हे शब्द कानाला सख्खे भाऊ वाटले तरी त्यांचे कूळ एक नाही, दुसरा पोर्तुगिजांकडून आलेला आहे.) दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यातल्या एका मंडळीचा नट काविळीने आजारी पडला आणि मंगळवारी संध्याकाळी दिग्दर्शकाचा फोन आला. पहिला प्रयोग शनिवारी दुपारी होता.

खेळ म्हणजे तियात्र (कोकणीतले गाण्यांचे नाटक) नव्हे, हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट कळले. 1892 साली मुंबईत जन्मलेल्या तियात्रात प्रवेशांच्या मध्ये कथेशी संबंध नसलेली कांतारे, म्हणजे गाणी, येतात. खेळ मात्र मुळात साष्टीतल्या घरांपुढच्या अंगणांत होई. इंत्रुजाच्या दिवसांत मंडळी गावोगाव फिरून तीन लहान कथा सादर करीत आणि बायकांची कामेही पुरुषच करीत. रोझारियो रॉड्रिग्ज यांनी तो मंचावर आणला. आता त्यात स्त्रिया असतात, कथा एकच असते आणि मधली कांतारे नसल्यामुळे ती सलग चालते. नटाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की आत जाऊन वही चाळायला उसंत मिळत नाही.

आणि वही तर रोमी, म्हणजे रोमन, लिपीत. माझे कोकणीचे वाचन देवनागरीतले. इथे 'श'साठी एक्स, 'ट'साठी टी हे अक्षर दोनदा आणि 'घर'मधल्या 'अ'साठी ओ. पहिले पान वाचायला मला पाऊण तास लागला. शेवटी बुधवारची रात्र जागून मी माझी सगळी वाक्ये देवनागरीत उतरवून काढली, आणि खरे सांगायचे तर पाठांतर त्या लिहिण्यातच झाले. उच्चारांची दुरुस्ती माझ्या मंचावरच्या आईने केली. माझ्या तोंडची फोंड्याची कोकणी ऐकून ती हसायची आणि तोच शब्द साष्टीच्या वळणाने पुन्हा म्हणवून घ्यायची. भूमिका होती बोटीवरून परतलेल्या तारवट्याची, वाडवडिलांचे घर विकायला निघालेल्या थोरल्या भावाची.

तालमी रात्री नऊनंतर होत, कारण दिवसा प्रत्येकाला नोकरी होती. बोरीचा पूल ओलांडून जाता-येता मी संवाद म्हणत असे. शब्द तसे लवकर बसले. मला अडवले ते ट्रम्पेटने. संगीत नाटकात ऑर्गनचा सूर मिळेपर्यंत थांबायची सवय मला होती, पण ती पदापुरती. इथे बँड गद्यालाही साथ करतो. भावाने भावावर हात उगारला की ड्रम वाजतो, जिव्हारी लागणारे वाक्य संपले की ट्रम्पेट त्यावर शिक्का मारतो, आणि तो वाजून होईपर्यंत नटाने त्याच मुद्रेत उभे राहायचे असते. मी आपला पुढचे वाक्य रेटून मोकळा होत होतो. शुक्रवारी रात्री ट्रम्पेटवाल्याने वाद्य मांडीवर ठेवले आणि "पात्रांव, मागीर हांव कित्याक?" (मालक, मग मी कशाला?) एवढेच विचारले. मग त्याच्या शेजारी बसून मी वहीत जिथे जिथे बँड येतो तिथे लाल खुणा केल्या. साठाच्या वर खुणा झाल्या.

शनिवारी दोन, रविवारी तीन, सोमवारी तीन आणि मंगळवारी दोन असे दहा प्रयोग झाले. जत्रेचे नाटक रात्री उशिरा सुरू होऊन एकाच गावात संपते. इथे एका गावातला मंच आवरून टेम्पोत टाकायचा आणि रंग न पुसता दुसऱ्या गावी पोहोचायचे. पहिल्या प्रयोगात विंगेतून प्रॉम्प्टर "भियेनाका, हांव आसां" (भिऊ नका, मी आहे) म्हणाला खरा, पण घर विकण्याच्या प्रवेशात पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने मला मोठ्याने शिवी दिली आणि त्या हशात प्रॉम्प्टरचा आवाज बुडाला. मला पुढचे काहीच आठवेना. मी तिच्याकडे पाहत नुसता उभा राहिलो. ट्रम्पेटवाल्याने ते पाहून एक लांब सूर धरला, आणि तो संपेपर्यंत वाक्य सापडले. पुढच्या नऊ प्रयोगांत ती जागा आम्ही तशीच ठेवली.

मंगळवारच्या शेवटच्या प्रयोगाला आजारी नट स्वतः खुर्चीवर येऊन बसला होता. बुधवारपासून उपवासाचा काळ लागणार, म्हणून मंडळी घाईने सामान बांधत होती. मी त्याची वही परत केली. तिच्यात माझी देवनागरी पाने टाचलेली होती. त्याने ती उलटसुलट केली, आपल्याला ही लिपी वाचता येत नाही असे म्हणाला, आणि म्हातारीच्या जागेवरची लाल खूण कोणती तेवढी दाखवायला सांगितली.